सहाव्या भागातली लिफ्ट

‘झंझावीर’ या मालिकेचा सहावा भाग सुरू होऊन अकरा मिनिटे झाली होती, तेव्हा तात्या सोफ्यावरून उठले आणि टीव्हीपासून वीतभर अंतरावर जाऊन उभे राहिले. पडद्यावर चौतीस मजली इमारतीची लिफ्ट दोर तुटून खाली येत होती आणि आतली माणसे किंचाळत होती. मग निळ्या चिलखतातला झंझावीर भिंत फोडून आला. त्याने एका हाताने लिफ्ट झेलली, दुसऱ्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि आतल्या एका देखण्या मुलीला तो म्हणाला, "मी आहे ना."

"काय आहेस?" तात्यांनी त्याला विचारले. "सहाच्या सहा दोर एकदम तुटले? आणि पकड कुठं गेली? रजेवर?"

"अहो, बाजूला व्हा. तुम्ही काही काचेचे नाही," तात्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांचाही मालिकेत जीव अडकला होता अशातला भाग नाही. त्यांना विणकामासाठी टीव्हीचा उजेड हवा होता.

तात्या एकतीस वर्षे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होते. त्यांच्या हाताखालची एकही लिफ्ट कधी पडली नव्हती आणि पडणारही नव्हती. कारण लिफ्ट पडतच नाही, हा त्यांच्या आयुष्याचा सिद्धान्त होता. लिफ्टचा खाली जाण्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तिच्या पोटाखालची पोलादी पकड दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट आवळून धरते. मग झंझावीराचा बाप जरी वर चढून नाचला तरी ती लिफ्ट तसूभर खाली सरकत नाही. हे सगळ्या जगाला समजावून सांगावे अशी तात्यांची फार इच्छा होती. पण "आधी पकड म्हणजे काय ते समजून घ्या," असे वाक्य त्यांनी उच्चारले की ऐकणाऱ्याला नेमका फोन यायचा, किंवा गॅसवर ठेवलेले दूध आठवायचे. एकतीस वर्षांत एकाही माणसाने त्यांना त्या वाक्यापुढे जाऊ दिले नव्हते.

आणि झंझावीराला मात्र सगळे जग डोळे फाडून बघत होते. कंपनीत सोमवारी सकाळी तासभर दुसरा विषय नसे. साहेबांच्या फोनची रिंगसुद्धा "मी आहे ना, मी आहे ना" अशी वाजत असे. यात एवढे काय आहे, ते तात्यांना काही केल्या कळेना. झंझावीर उडायचा, कपाळाला आठ्या घालायचा, एखादी भिंत फोडायचा आणि "मी आहे ना" म्हणायचा. तिसऱ्या भागात तात्यांना डुलकी लागली होती. जागे झाले तेव्हा चौथा भाग संपत आला होता आणि त्यांना काहीही फरक जाणवला नव्हता.

तरीही ते नेटाने बघत होते, कारण प्रश्न मुलीचा होता. मुलीने आपले लग्न स्वतःच ठरवत आणले होते. मुलगा एका नेत्रतज्ज्ञाकडे चष्मे बनवत असे. त्याचे वडील दंतवैद्य होते, आई शाळेत भूगोल शिकवत असे आणि घरात एक आजी होत्या. येत्या रविवारी त्यांच्याकडे चहाला जायचे होते, दोन्ही घरांची पहिलीच भेट. मुलीने तात्यांना समोर बसवून सूचना दिल्या होत्या.

"ते सगळे झंझावीरचे वेडे आहेत, बाबा. आजीसुद्धा. बोलायला काहीतरी सारखं हवं ना, म्हणून आतापर्यंतचे आठही भाग बघून ठेवा."

"आणि लिफ्टचं?"

"लिफ्टचं काही नाही. एक दिवस, बाबा. फक्त एक दिवस."

ती चिडून म्हणाली असती तर तात्यांनी हसण्यावारी नेले असते. ती अजिजीने म्हणाली, आणि ते त्यांना लागले. हीच मुलगी दहा-अकरा वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये यायची आणि सगळे पाढ्यांसारखे घडाघडा म्हणून दाखवायची. पण तिचेही चुकत नव्हते. गेल्या वर्षी मावशीच्या साठाव्या वाढदिवसाला तात्यांनी हॉलची लिफ्ट आल्या आल्या तपासली होती. दार जरा घाईने मिटते म्हणून त्यांनी ती बंद करून टाकली होती. पाहुणे चार मजले चढून आले, केकही चढून आला आणि मावशी स्वतः चढून आली ती इतकी धापा टाकत, की मेणबत्त्या विझवायला तिच्यात फुंकर उरली नव्हती. मावशी अजून तात्यांशी बोलत नाही.

"एक शब्द बोलणार नाही," तात्यांनी मुलीला वचन दिले होते.

शनिवारी दुपारी घोळाला सुरुवात झाली. तात्यांचा सहकारी, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, तो अक्कलदाढ काढून कंपनीत आला. त्याचा डावा गाल टम्म फुगला होता आणि तो काय बोलतो ते त्याचे त्यालाच कळत होते. रविवारी आपत्कालीन ड्युटी त्याची होती. साहेबांनी त्याच्या भागातल्या लिफ्टचे फोन तात्यांच्या पिवळ्या ड्युटीफोनवर वळवले.

"कुठं लिफ्ट अडकली तर जायचं, नाही तर निवांत चहा प्यायचा," साहेब म्हणाले. "फक्त नियम पाळा. फोनवर छापील वाक्यं म्हणायची, सगळं रेकॉर्ड होतं. आणि माणसं बाहेर येईपर्यंत फोन तोडायचा नाही."

तात्यांना नियम सांगणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे होते. त्यांनी मान डोलावली आणि फोन खिशात घातला.

रविवारी तात्या पांढऱ्या शर्टात आणि त्यांच्या पत्नी नव्या साडीत मुलाच्या इमारतीपाशी पोहोचले. इमारत नऊ मजली होती आणि घर नवव्या मजल्यावर होते. मुलगी सकाळपासूनच तिथे मदतीला गेली होती. पाहुण्यांना घ्यायला दंतवैद्य आणि भूगोलाच्या बाई दोघेही अगत्याने खाली आले होते. बाकावर आजी बसल्या होत्या. त्या पाहुण्यांसाठी म्हणून नऊ मजले जिन्याने, दर मजल्यावर विसावा घेत उतरल्या होत्या. आता चढणे मात्र गुडघ्यांच्या हाती राहिले नव्हते.

पाचजण लिफ्टमध्ये शिरले. दार मिटताना जरासे खरखरले. तात्यांनी डोळे मिटून घेतले, पण कानांना पापण्या नसतात. समोर त्यांच्याच कंपनीची पाटी होती. म्हणजे ढोल्याच्या भागातली लिफ्ट. पाटीखाली बारीक अक्षरांत ‘लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत’ अशी सूचना होती, आणि तिचा मसुदा बारा वर्षांपूर्वी स्वतः तात्यांनी लिहिला होता. हे कोणाला तरी सांगावे म्हणून त्यांचे ओठ उघडले. पत्नीने त्यांना कोपराने ढोसले. ओठ पुन्हा मिटले.

"तुम्ही झंझावीर बघता ना?" बाईंनी पाठ केल्यासारखे विचारले. "आम्ही सगळे बघतो."

"आम्हीही बघतो. छान आहे," तात्या म्हणाले.

"फार छान आहे," दंतवैद्य म्हणाले.

मग सगळे मजल्यांचे आकडे बघू लागले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून वर निघाली होती. एवढ्यात तात्यांचे लक्ष आजींकडे गेले. त्यांनी दोन्ही हातांनी भिंतीची दांडी गच्च धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या मजले मोजत होत्या.

"बरं वाटत नाही का, आजी?"

"त्या सहाव्या भागापासून मी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नव्हतं," आजी म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. आज पाहुणे येणार म्हणून. तो दोर तुटला ना, तेव्हापासून माझ्या छातीत धडधडतं. आपल्याला झेलायला कोण येणार आहे?"

तात्यांनी पत्नीकडे बघितले. पत्नीने डोळ्यांनी नको म्हटले. पण एका म्हाताऱ्या बाईला तीन आठवडे घरात कोंडून ठेवणारा तो निळा प्राणी तात्यांच्या डोळ्यांसमोर केस मागे सारत उभा राहिला, आणि दिलेले वचन त्यांच्या तोंडातून निसटले.

"आजी, लिफ्ट पडत नाही."

"म्हणजे?"

"पडतच नाही. ते दाखवतात ते साफ खोटं आहे. दोर सहा असतात, त्यातला एक सगळ्यांना पुरतो. आणि सहाही गेले तरी खाली पकड असते." तात्यांचा आवाज चढू लागला. "तुमची खात्री पटवतो. बघा." आणि त्यांनी जागच्या जागी एक उडी मारली.

लिफ्ट किंचित डुलली आणि पुढे चालू लागली. आजींनी दांडीवरचा एक हात काढला.

दंतवैद्य हे बघून खुलले. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बसणाऱ्या माणसाला अशी संधी रोज मिळत नाही. त्यांनीही एक उडी मारली. लिफ्टला काही झाले नाही. बाई म्हणाल्या की दोघांचे वजन वेगवेगळ्या वेळी पडते, याला काही प्रयोग म्हणत नाहीत. वर्गात असे केले असते तर त्यांनी अर्धाच गुण दिला असता.

"मग सगळे मिळून मारू," तात्या म्हणाले.

इथे तात्यांनी थांबायला हवे होते. दरवर्षी नव्या शिकाऊ मुलांना ते स्वतः बजावून सांगत, की लिफ्टमध्ये एकत्र उड्या मारल्या तर पकडीला वाटते की लिफ्ट पडते आहे. मग ती आपले काम करते. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदा चार माणसे त्यांचे ऐकत होती. त्या आनंदात शिकवण विसरली गेली. त्यांनी तीन आकडे मोजले. तिसऱ्या आकड्याला तात्या, त्यांची पत्नी, दंतवैद्य आणि बाई एकदम उडाले. आजींनी फक्त टाचा उचलल्या.

खालून कडाक असा आवाज आला. लिफ्ट जागच्या जागी खिळली. दिवा एकदा लुकलुकला आणि सुरू राहिला.

"हे काय झालं?" दंतवैद्यांनी विचारले.

"पकड लागली," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात आधी अभिमान होता. मग तो हळूहळू ओसरला. "बघितलंत ना, पडत नाही ती."

"आणि आता वर कशी जाते?"

"आता ती कुठंच जात नाही."

दंतवैद्यांनी घंटेचे लाल बटण दाबून धरले. बटणांच्या फळीवरच्या जाळीतून रिंग वाजू लागली. त्याच क्षणी तात्यांच्या खिशातही रिंग वाजू लागली. तात्या अंगाची घडी घालता येईल का, असा विचार करत क्षणभर उभे राहिले. पण नियम म्हणजे नियम. तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा असतो.

"नमस्कार, लिफ्ट आपत्कालीन सेवा. घाबरू नका, तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात," तात्या पिवळ्या फोनमध्ये म्हणाले, आणि तेच वाक्य त्यांच्याच आवाजात जाळीतून परत आले.

"बघा, किती पटकन उचलला," आजी समाधानाने म्हणाल्या.

"अहो, तुम्ही कोणाशी बोलताय?" पत्नीने विचारले.

तात्यांनी हाताने तिला गप्प केले. छापील प्रश्न पुरे केल्याशिवाय सुटका नव्हती, नाही तर साहेबांकडे तक्रार जात असे. "आत एकूण किती जण आहेत?"

"पाच," आजी जाळीत तोंड घालून म्हणाल्या. "तुम्हाला धरून."

"कोणाला श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास?"

"आत्ता तरी नाही," दंतवैद्य म्हणाले.

पुढचे वाक्य ‘आमचा मेकॅनिक तुमच्याकडे निघाला आहे’ असे होते. तात्या अडखळले. रेकॉर्डिंगवर खोटे बोलणे त्यांच्या रक्तात नव्हते.

"आमचा मेकॅनिक तुमच्याकडे पोहोचला आहे."

"देव पावला," आजी म्हणाल्या.

तात्यांनी चालू फोन तसाच खिशात ठेवला आणि हकिगत सांगितली. मेकॅनिक आपणच, पण पकड सोडवायला वरच्या मशीनरूममध्ये जावे लागते आणि मेकॅनिक इथे सहाव्या-सातव्या मजल्याच्या मध्ये उभा आहे. मग पत्नीचा फोन घेऊन त्यांनी ढोल्याला लावला. पलीकडून "ऊं... ऊंऊं," एवढेच आले. दंतवैद्यांनी कान टवकारले आणि फोन मागून घेतला.

"कोण, खालची डावी अक्कलदाढ का? तुला मी चोवीस तास बोलू नको म्हटलं होतं ना?"

ढोल्याने आज्ञाधारकपणे फोन ठेवला. पुन्हा लावला तर तो उचलेना. दुसरा मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला यायला दीड तास लागणार होता.

तेवढ्यात आजींनी सुनेच्या कानात काहीतरी सांगितले. बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी ते नवऱ्याच्या कानात सांगितले. दंतवैद्यांनी ते तात्यांना अदबीने ऐकवले. आजी खाली बाकावर बसल्या बसल्या दोन तांबे पाणी प्यायल्या होत्या. दीड तास आजींना जमण्यासारखा नव्हता.

आता एकच वाट उरली होती, आणि नेमकी तीच तात्यांना नको होती. त्यांनी मुलीला फोन लावला आणि शक्य तितक्या थोडक्यात सांगितले, की आम्ही अडकलो आहोत, पकड लागली आहे, वॉचमनकडून मशीनरूमची किल्ली घे.

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही लिफ्टचं बोललात ना."

मुलीने मागितलेला तो एक दिवस आपण खाऊन टाकला, असे तात्यांना वाटले. "बोललो," ते म्हणाले. मुलीने फोन ठेवला.

किल्ली मिळेपर्यंत पाचजण लिफ्टच्या जमिनीवर गोल करून बसले. आजींनी पाय एकमेकांवर गच्च घेतले होते आणि लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून काहीतरी बोला, असा त्यांचा हुकूम होता. सुनेने उसने हसू आणून पुन्हा झंझावीराचा विषय काढला.

"तो नको," आजी म्हणाल्या. "आधीच जीव नकोसा झालाय. मी म्हटलं होतं, पाहुण्यांना आवडते म्हणून आपण का बघायची? पण नातू ऐकेना. म्हणे, तिच्या घरी सगळे त्या मालिकेचे वेडे आहेत, बोलायला काहीतरी सारखं हवं."

लिफ्टमध्ये सगळे आजींकडे बघू लागले. मग एकमेकांकडे बघू लागले.

"तुम्हाला आवडत नाही?" तात्यांच्या पत्नीने हळूच विचारले.

"मला?" बाईंच्या आवाजाला धार आली. "दुसऱ्या भागात त्याच्या भिंतीवर नकाशा आहे, बघितलात? नदी समुद्रातून निघून डोंगरात शिरते. चढावर वाहते ती! मी त्या रात्री वही घेऊन नुसती लाल पेनानं रेघा मारत बसले."

"नदीचं सोडा," दंतवैद्य म्हणाले. आठ आठवडे तोंडात धरून ठेवलेले त्यांनी एकदम सोडून दिले. "प्रत्येक भागात जबड्यावर हातोडा खातो आणि एक दात हलत नाही. तो खलनायक पोलादी मुठीचा आहे ना? मग समोरचे चार तरी जायलाच हवेत. आणि वर हसतो तेव्हा दात असे, की आयुष्यात कधी काही चावलं नाही."

"चावेल कुठून?" आजी म्हणाल्या. "आठ भागांत त्यानं एक घास खाल्लेला नाही. पाणीसुद्धा नाही." पाण्याचा उल्लेख स्वतःच केल्यामुळे त्यांनी ओठ आवळले.

तात्यांच्या पत्नीने सांगितले की त्याच्या चिलखताखालचा स्वेटर यंत्रावरचा आहे आणि तो म्हणतो आईने विणलाय. मग सगळ्यांना एकदम कंठ फुटला. पाचजण जमिनीवर बसून त्या मालिकेची अशी चिरफाड करू लागले, की दंतवैद्यांना हसता हसता ठसका लागला. तात्यांनी तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत झोपल्याचे कबूल केले. दंतवैद्य म्हणाले की त्यांनी पाचवा भाग दाराआड उभे राहून टाळला होता.

पत्नीच्या फोनची रिंग वाजली. मुलगी मशीनरूममध्ये पोहोचली होती. तात्यांनी फोनचा आवाज मोठा केला.

"पण तिला हे जमेल का हो?" बाईंनी काळजीने विचारले. "नाही म्हणजे, हे काम शिकलेल्या माणसाचं असतं ना?"

तात्या ताठ बसले. "ती प्रशिक्षित आहे," ते म्हणाले. "मी शिकवलंय तिला. दहाव्या वर्षापासून." आणि मग त्यांनी फोनमध्ये, पूर्वी गच्चीवर विचारत तसेच विचारले, "आधी काय?"

"मेन स्विच बंद," वरून मुलीचा आवाज आला. "कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात."

"मग?"

"चाक दोन्ही हातांनी धरायचं. ब्रेक सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. दोरावरची पिवळी खूण आली की थांबायचं." ती एक शब्दही चुकली नाही. तात्यांनी तोंड फिरवले आणि बटणांच्या फळीकडे बघत राहिले. फळीत बघण्यासारखे काही नव्हते.

ब्रेकची तरफ तिने होणाऱ्या नवऱ्याच्या हातात दिली होती. तिचा हुकूम सगळ्यांना ऐकू आला. "मी ‘दाब’ म्हटलं की दाबायची, ‘सोड’ म्हटलं की सोडायची. नाही, तू ‘मी आहे ना’ म्हणू नकोस. फक्त दाब."

"आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाचं ऐकतोय," बाई कौतुकाने म्हणाल्या.

दाब, सोड, दाब, सोड. लिफ्ट कुरकुरली, खालून पकड सुटल्याचा टक् आवाज झाला आणि बोटभर बोटभर लिफ्ट वर सरकू लागली. तात्या जमिनीवर तळहात टेकून बसले होते आणि मनातल्या मनात तिच्याबरोबर चाक फिरवत होते. बावीस वेढ्यांनी सातवा मजला आला. तात्यांनी दार ओढून उघडले. आजी सगळ्यांच्या आधी, कोणाचाही हात न धरता बाहेर पडल्या आणि त्यांनी समोरच्या बिऱ्हाडाचे दार ठोठावले. माणसे बाहेर आली होती, तेव्हा तात्यांनी नियमाप्रमाणे खिशातला फोन बंद केला.

मुलगी जिना उतरून धावत आली. नव्या ड्रेसवर ग्रीसचे काळे पंजे उमटले होते. तिने आधी सगळे धड आहेत का ते बघितले. मग तिने कमरेवर हात ठेवले, त्यामुळे तिथेही दोन पंजे उमटले.

"पकड उगाच लागत नाही," ती म्हणाली. "उड्या कोणी मारल्या?"

तात्यांनी छताकडे बघितले. दंतवैद्यांनीही बघितले. बाई, ज्यांनी अठ्ठावीस वर्षे वर्गात हाच प्रश्न विचारला होता, त्या नखे बघू लागल्या.

समोरचे दार उघडून आजी निवांत चालीने बाहेर आल्या. त्यांनी मुलीचे काळे हात आपल्या हातांत घेतले आणि उलटसुलट करून बघितले. "ही मुलगी आपल्याकडे यायलाच हवी," त्या म्हणाल्या. "आणि मला आता भीती वाटत नाही. चला, लिफ्टनं जाऊ."

"लिफ्ट बंद आहे, आजी," बाप आणि मुलगी एकदम म्हणाले. "तपासणी झाल्याशिवाय सुरू करायची नाही."

आजींना खुर्चीत बसवून दोन मजले वर नेण्यात आले. खुर्ची पुढून तात्यांनी धरली होती, मागून दंतवैद्यांनी. पहिल्या वळणावर मुलगी तात्यांच्या शेजारून चालू लागली. तिने त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही धरली, आणि त्या बाहीवरही पंजा उमटला.

सोमवारी सकाळी तात्या अहवाल घेऊन कंपनीत गेले. रात्री त्यांनी तो प्रामाणिकपणे भरला होता. ‘कारण’ या रकान्यात ‘चार प्रवाशांनी एकाच वेळी उडी मारली, पाचव्यांनी फक्त टाचा उचलल्या’ असे होते. ‘सुटका कोणी केली’ या रकान्यात ‘माझ्या मुलीने’ आणि ‘प्रशिक्षण कोठे’ या रकान्यात ‘घरी’. नोकरी गेली तर काय करायचे, याचा विचार करतच ते साहेबांच्या खोलीत शिरले.

खोलीत अख्खी कंपनी जमली होती. कोणी टेबलावर टेकले होते, कोणी खिडकीत बसले होते. ढोल्याही फुगलेल्या गालावर बर्फ धरून आला होता. आदल्या रात्री झंझावीराचा शेवटचा, नववा भाग येऊन गेला होता, पण त्याचे नावही कोणी काढत नव्हते. साहेबांनी अहवाल घेतला, न वाचता ताकिदीचा शिक्का मारला आणि बाजूला सारला.

"तात्या, आम्ही ते रेकॉर्डिंग ऐकलं," ते म्हणाले. "दोनदा. आजी दार ठोठावतात तिथं तुम्ही फोन तोडलात."

"माणसं बाहेर आली की तोडायचा, असा नियम आहे, साहेब."

"नियम राहू द्या हो. पुढं काय झालं?"

ढोल्याने घाईघाईने एक कागद वर धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘लग्न ठरलं का?’

तात्यांनी सगळ्यांचे चेहरे बघितले. कोणाला फोन येत नव्हता, कोणाला दूध आठवत नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली आणि सावकाश बसले.

"सांगतो, पहिल्यापासून सांगतो," ते म्हणाले. "पण आधी पकड म्हणजे काय ते समजून घ्या."

खोलीतले कोणीही जागचे हलले नाही.